कुठल्या विषयाला कुठला रंग : वह्या-पुस्तकांना रंग नेमून देण्याची पद्धत, पायरी पायरीने

नव्या वह्या घरी आल्या की बहुतेक घरांत काम उलट्या टोकाने सुरू होतं. आधी रंगीत कागद येतात. मूल आवडता रंग आवडत्या विषयाला देऊन टाकतं, मोठं कोणी तरी "विज्ञानाला हिरवा छान दिसेल" म्हणतं आणि उरलेल्या विषयांच्या वाट्याला उरलेले रंग येतात. वह्या दिसतात देखण्या. पंधरा दिवसांनी हिंदीच्या तासाला दप्तरातून मराठीची वही निघते आणि बाई डायरीत शेरा लिहितात.

विषयाला कुठला रंग शोभतो, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारायचा. पहिला प्रश्न असा : कुठल्या दोन वह्यांची गल्लत होते? त्या दोन वह्यांना एकमेकांपासून सगळ्यांत लांबचे रंग द्यायचे आणि मग बाकीच्यांची सोय लावायची. पुढचा सगळा क्रम या एका गोष्टीवर आहे. पायऱ्या मागेपुढे केल्या तर रंग लागतात, पण सकाळच्या घाईत त्यांचा काही उपयोग होत नाही.

गोव्यात ही गल्लत जरा जास्तच होते. मराठी किंवा कोंकणी, जोडीला हिंदी, पुढे कोणी संस्कृत घेतं, सगळं देवनागरीत. वही कुठेही उघडली तरी वरवर पान सारखंच. चार ओळी वाचल्या की कळतं, पण बालरथ, म्हणजे शाळेची बस, नाक्यावर येऊन हॉर्न वाजवत असताना चार ओळी कोण वाचणार?

## आधी दोन गोष्टी : शाळेला विचारा, वेळ ठरवा

काही शाळा स्वतःच्या छापील वह्या देतात, काही ठिकाणी सगळ्या वह्यांना ब्राऊन पेपरच हवा असतो, तर काही वर्गशिक्षिका विषयवार कव्हरचा रंग स्वतःच सांगतात. शेवटच्या प्रकारात तुमची योजना बाजूला ठेवायची. शाळेचा रंग आणि घरचा रंग असे दोन रंग एका विषयाला कधीही देऊ नका. बाई "सगळ्यांनी निळी वही काढा" म्हणतील तेव्हा तुमच्या मुलाची निळी वही भलत्याच विषयाची असेल. शाळा काहीच सांगत नसेल तर कव्हरवर रंगीत पट्टी चालेल का, एवढं विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी चालते.

वेळेचं म्हणाल तर २०२५ पासून आपल्याकडे सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होतात, मे महिन्यात सुट्टी, जूनमध्ये पुन्हा शाळा. पालक या वेळापत्रकावर कुरकुरतात, पण रंगांच्या कामाला ते सोयीचं आहे. एप्रिलच्या दिवसांत कच्चे रंग लावून पाहायचे आणि मेच्या सुट्टीत, पाऊस लागण्याआधी, पक्के करायचे. प्राथमिकच्या मुलांची शाळा जूनमध्ये सुरू होते, त्यांचं काम मेच्या शेवटच्या आठवड्याआधी उरका. पाऊस लागल्यावर डिंक वाळत नाही, कागद नरम पडतो आणि चिकटवलेलं काही धड बसत नाही.

## १. विषयांची यादी करा, वह्यांची नव्हे

कागदावर फक्त विषय लिहा. सातवीतल्या मुलाचे साधारण असे होतील : इंग्रजी, हिंदी, मराठी (किंवा कोंकणी), गणित, विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र, भूगोल. मग संगणक, चित्रकला वगैरे.

आता प्रत्येक विषयापुढे त्याच्या सगळ्या वस्तू लिहा : पाठ्यपुस्तक, वर्गपाठाची वही, गृहपाठाची वही, व्याकरणाची वेगळी वही, प्रयोगवही, नकाशांची वही, शिकवणीची वही. हे सगळं एका रंगाखाली जाणार आहे. इथेच पहिली चूक होते. गृहपाठाच्या वहीला वेगळा रंग, शिकवणीच्या वहीला आणखी वेगळा, असं करत रंग चौदा-पंधरावर जातात आणि मग कोणालाच काही आठवत नाही.

रंग विषयाला द्यायचा. एकाच विषयातल्या वह्या ओळखायला पट्ट्यांची संख्या वापरा : वर्गपाठाला एक पट्टी, गृहपाठाला दोन. अक्षरं वापरू नका. 'ग' म्हणजे गृहपाठ की गणित, यावर सकाळी वाद होतो.

आठवड्यातून एकदाच तास असलेल्या विषयांना स्वतंत्र रंग देण्याची गरज नसते. चित्रकलेची वही आकारावरूनच ओळखू येते. अशा सगळ्या विषयांना मिळून एकच रंग द्या, नाहीतर बिनरंगी राहू द्या.

## २. गल्लतीची यादी

ही पायरी सगळे गाळतात, आणि खरं काम इथेच आहे. मुलाला समोर बसवा आणि गेल्या वर्षीचं आठवायला लावा. कुठली वही घरी राहायची? कुठल्या दोन वह्या एकीच्या जागी दुसरी जायच्या? शाळेची डायरी चाळली तर "वही आणली नाही"चे शेरे सापडतील, त्यातून चित्र आणखी स्पष्ट होतं. मुलाला रागावण्याची ही वेळ नव्हे. रागावलात तर तो खरं सांगणार नाही आणि यादी अर्धी राहील.

बहुतेक घरांत पुढच्या जोड्या निघतात.

मराठी आणि हिंदी. कारण वर आलंच आहे. घरात एक भावंड मराठी घेतलेलं आणि दुसरं कोंकणी घेतलेलं असेल तर तीन भाषांच्या वह्या एकाच टेबलावर असतात, म्हणजे गोंधळ तिप्पट.

इतिहास आणि भूगोल. दोन्ही सामाजिक शास्त्र, बऱ्याच शाळांत शिक्षिका एकच, वह्याही सारख्याच जाडीच्या. "सोशलची वही आण" म्हटलं की मूल हाताला लागेल ती उचलतं.

भूगोल आणि विज्ञान. आकृत्या, नावं दिलेले बाण, त्याच पेन्सिली. ही जोडी प्रत्येकाकडे नसते, पण असली तर चिवट असते.

याउलट गणित आणि इंग्रजी यांची गल्लत कोणी करत नाही. एका वहीत आकडे, दुसरीत इंग्रजीचे परिच्छेद. हीसुद्धा कामाची माहिती आहे. पाचव्या पायरीत लागेल.

तपासा : तुमच्या यादीत किमान दोन जोड्या आल्या का? एकही आली नसेल तर मूल विसरलंय, किंवा त्याला रंगांची गरजच नाही. दुसरी शक्यता असेल तर इथेच थांबा. वह्यांवर नीट मोठ्या अक्षरांत नावं लिहा, तेवढं पुरे.

## ३. आधी दुकान, मग योजना

मोबाइलवर सुंदर रंगसंगती पाहून, तिचं चित्र घेऊन दुकानात गेलात तर अर्धे रंग मिळत नाहीत. म्हापशाच्या बाजारात असो की मडगावच्या, स्टेशनरीच्या दुकानात घोटीव कागद ठरावीक रंगांतच येतो : लाल, पिवळा, नारिंगी, निळा, हिरवा, गुलाबी, जांभळा. आहे त्यातून निवडा.

माझी शिफारस मात्र हार्डवेअरच्या दुकानाची. वायरमन वापरतात ती इन्सुलेशन टेप. पाऊण इंच रुंद, स्वस्त, पाण्याला दाद न देणारी, आणि लाल, पिवळा, निळा, हिरवा, काळा, पांढरा या सहा रंगांत जवळपास सगळीकडे मिळते. विजेच्या कामात तारा एका नजरेत वेगळ्या ओळखू याव्यात म्हणूनच तिचे रंग असे ठळक ठेवलेले असतात, आणि आपल्यालाही नेमकं तेच हवं आहे. एक रीळ आणलं की दोन-तीन मुलांच्या वह्या होऊन उरतं.

तिचा एक दोष सांगून ठेवतो. उन्हात तापली की कडेने डिंक सुटतो आणि वह्या एकमेकींना चिकटतात. म्हणून तिच्यावर पारदर्शक कव्हर घालावंच लागतं. कव्हर घालायचं नसेल तर घोटीव कागद बरा.

स्केचपेनने रंगवलेली पट्टी टाळा. ओला हात लागला की ओघळते. चमकणारे फ्लुरोसंट स्टिकर पहिल्या आठवड्यात डोळ्यांत भरतात, पण खिडकीजवळच्या टेबलावर उन्हाने फिकट होत जातात, आणि पोपटी कुठला नि पिवळा कुठला हे दिवाळीपर्यंत कळेनासं होतं.

इशारा : सगळं सामान एकाच वेळी घ्या. निळा अर्धा आता आणि अर्धा नंतर घेतलात तर दुसऱ्या खेपेला मिळणारा निळा वेगळाच असतो.

## ४. रंगांची छाटणी

घरी आल्यावर सगळे रंग टेबलावर मांडा आणि मुलाला एकेकाचं नाव विचारा. एका शब्दात, न अडखळता नाव आलं तर रंग ठेवायचा. "हा जरा निळसर हिरवा..." असं सुरू झालं की तो रंग बाद. कारण पुढे वर्षभर घरात हाका मारायच्या आहेत : "अगं, ती पिवळी वही टेबलावरच राहिली!" ज्या रंगाला नाव नाही, त्याला हाक मारता येत नाही.

सहा ते आठ रंग पुरतात. त्यापुढे गेलात की दोन रंग शेजारी शेजारी येणारच : निळा नि जांभळा, लाल नि गुलाबी, नारिंगी नि लाल.

मग दोन चाचण्या घ्या, आणि दोन्ही गाळू नका.

पहिली, उजेडाची. रात्री खोलीतला मुख्य दिवा बंद करून एकच अंधूक पिवळा दिवा ठेवा, किंवा मोबाइलचा टॉर्च छताकडे वळवा. पावसाळ्यात वीज गेली की दप्तर याच उजेडात भरलं जाणार आहे. आता रंग ओळखायला सांगा. गडद निळा आणि काळा एक होतील. पिवळा आणि पांढरा एक होतील. उजेड आणखी कमी केलात तर लाल सगळ्यांत आधी काळवंडेल. अंधूक उजेडात डोळ्याला लाल रंग लवकर मावळल्यासारखा दिसतो, निळा-हिरवा जास्त वेळ टिकतो. जे दोन रंग एक झाले ते फेकून द्यायची गरज नाही. फक्त ते गल्लत होणाऱ्या जोडीला द्यायचे नाहीत, एवढं लिहून ठेवा.

दुसरी, मुलाच्या नजरेची. लाल आणि हिरवा यांत गोंधळ होणं हे बरेचदा जन्मजात असतं. त्याचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून मुलींपेक्षा मुलग्यांत ते कितीतरी जास्त आढळतं. मूल लहानपणापासून तसंच बघत आलेलं असल्यामुळे त्याला स्वतःला काही वेगळं वाटत नाही, आणि घरच्यांनाही पत्ता नसतो. लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी कागदांचे सारख्या आकाराचे तुकडे मिसळून द्या आणि रंगवार ढीग लावायला सांगा. हिरव्याच्या ढिगात तपकिरी, लालमध्ये गडद हिरवा असं झालं तर मुलाला चुकीचं ठरवू नका, आणि स्वतः निदानही करू नका. नेत्रतज्ज्ञांकडे जा. ठिपक्यांतून आकडा ओळखायची इशिहारा चाचणी काही मिनिटांत होते. १९१७ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी आजही सर्रास वापरात आहे.

तोवर रंगांची योजना थांबवायचं कारण नाही. अशा मुलांसाठी मुख्य जोडी निळा आणि पिवळा-नारिंगी या बाजूची ठेवा. ओकाबे आणि इतो या दोघा जपानी संशोधकांनी रंगांधळ्या माणसांनाही वेगळे ओळखू येतील असे आठ रंग सुचवलेत : काळा, नारिंगी, आकाशी, निळसर हिरवा, पिवळा, निळा, शेंदरी आणि लालसर जांभळा. हुबेहूब छटा दुकानात मिळणार नाहीत, पण रोख कळतो. गडद-फिकट यांत फरक ठेवा, आणि जोडीतल्या एका वहीची पट्टी सरळ लावा, दुसरीची तिरकी.

## ५. वाटप : कोणाला कुठला

आता कुठे रंग नेमायचे. क्रम असा :

आधी गल्लतीच्या यादीतली सगळ्यांत चिवट जोडी. तिला टेबलावरचे सगळ्यांत लांबचे दोन रंग. लांबचे म्हणजे रंगानेही वेगळे आणि गडद-फिकटानेही वेगळे. पिवळा आणि निळा ही जोडी याला उत्तम.

मग दुसरी जोडी. मग तिसरी. ज्यांची गल्लतच होत नाही असे विषय शेवटी, आणि त्यांना एकमेकांच्या जवळचे रंग गेले तरी काही बिघडत नाही.

वरच्या सातवीच्या यादीवर हे करून पाहू. हातात आहेत टेपचे सहा रंग आणि घोटीव कागदाचा नारिंगी.

मराठी–हिंदी ही पहिली जोडी : मराठीला निळा, हिंदीला पिवळा. इतिहास–भूगोल दुसरी : इतिहासाला पांढरा, भूगोलाला हिरवा. इथे पिवळा आणि पांढरा अंधारात एक होतात हे आपण लिहून ठेवलंय, पण हिंदी आणि इतिहास यांची अदलाबदल या मुलाच्या यादीत नाही. विज्ञान–भूगोल तिसरी : भूगोल हिरवा झालाच, म्हणून विज्ञानाला काळा. काळा आणि निळा अंधारात जवळ येतात, पण विज्ञान आणि मराठी कोण मिसळतो? राहिले गणित आणि इंग्रजी : लाल आणि नारिंगी. हे दोन रंग एकमेकांच्या शेजारचे, तरी चालतील, कारण आकड्यांच्या वहीला इंग्रजीची वही समजून कोणी उचलत नाही.

विज्ञानाला काळा ऐकून पुष्कळजण नाक मुरडतील. आजी म्हणेल, "पोराच्या वहीला काळं कशाला?" आजीचं मन मोडायचं नसेल तर काळ्याऐवजी गुलाबी घ्या, हिरव्यापासून तोही चांगला लांब आहे, फक्त मूल लाल-हिरव्यात अडखळणारं नसावं. पण "विज्ञान म्हणजे निसर्ग, निसर्ग म्हणजे हिरवा" या हट्टापायी विज्ञान आणि भूगोल दोघांनाही हिरव्याच्या छटा देऊ नका. शोभेचा विचार इथेच पहिला घाव घालतो.

मुलाचा आवडता रंग? तो जरूर द्या, पण ज्या विषयाची वही सारखी विसरते त्या विषयाला. आवडत्या रंगाकडे नजर आधी जाते. आवडत्या विषयाची वही तो तशीही विसरत नाही.

तपासा : ठरलेल्या रंगांचे तुकडे जोडीजोडीने मांडून मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. गल्लतीच्या जोडीतले दोन तुकडे सारखेच करडे दिसले तर त्यांतला एक बदला. निळा-पिवळा आणि पांढरा-हिरवा इथे पास होतात. लाल आणि मध्यम हिरवा बरेचदा नापास होतात.

घरात दोन मुलं असतील तर विषयाचा रंग दोघांनाही एकच ठेवा. थोरल्याचं गणित लाल आणि धाकटीचं गणित निळं असं केलंत तर वह्या शोधून देणाऱ्या माणसाचे हाल होतात. वह्या कोणाच्या हे नावाच्या चिठ्ठीवरून कळू द्या : एकाची चिठ्ठी चौकोनी, दुसरीची गोल.

## ६. आठवडाभर कच्चे रंग

लगेच चिकटवायला घेऊ नका. प्रत्येक वहीच्या कव्हरला रंगीत कागदाचा तुकडा फक्त क्लिपने लावा आणि आठवडाभर शाळा होऊ द्या (प्राथमिकच्या मुलांची शाळा अजून सुरू नसेल तर घरीच दप्तर भरून पाहू द्या). या आठवड्यात मुलाला मदत करायची नाही. चुकला तर कुठे चुकला ते टिपून ठेवायचं.

बहुधा एखादी अनपेक्षित जोडी वर येते. शाळेने दिलेल्या इंग्रजीच्या वहीचं मूळ कव्हरच निळं असतं आणि ती मराठीच्या निळ्याशी भांडते, असलं काहीतरी. ते कागदावर बसून कळत नाही.

बदल करायचे ते आत्ताच. पक्के झाल्यावर वर्षभर हात लावायचा नाही.

## ७. पट्टी लावण्याचा क्रम

इथे घाई केलीत तर जुलैपर्यंत सगळं सुटून येईल. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. दप्तर रेनकोटच्या आत असलं तरी कपाटातल्या वह्यासुद्धा दमट होतात.

क्रम बदलू नका : ब्राऊन पेपर, मग रंगीत पट्टी, मग नावाची चिठ्ठी, आणि शेवटी पारदर्शक प्लास्टिक कव्हर. बरेचजण प्लास्टिक आधी घालून वर स्टिकर लावतात. तो पहिल्या जोरदार सरीलाच दप्तराच्या तळाशी सापडतो.

आता पट्टी नेमकी कुठे? मूल दप्तरात वह्या कशा ठेवतं ते आधी पाहा. बहुतेक मुलं वह्या उभ्या सरकवतात, म्हणजे दप्तर उघडल्यावर वरून दिसतो तो वहीचा वरचा काठ. वहीच्या मधोमध लावलेलं सुंदर स्टिकर तिथून दिसतच नाही. म्हणून :

घोटीव कागदाची दोन इंच उंच आणि चार इंच लांब पट्टी कापा. वहीच्या वरच्या टोकाला, कण्यावर तिचा मध्य येईल अशी धरा : दोन इंच पुढच्या पुठ्ठ्यावर, दोन इंच मागच्या. पट्टीचा अर्धा इंच वरच्या काठाच्या बाहेर ठेवा. कणा जिथे येतो तिथे त्या बाहेरच्या अर्ध्या इंचाला कात्रीने दोन छोट्या चिरा द्या आणि मधला तुकडा कापून टाका. मग उरलेले दोन्ही भाग पुठ्ठ्याच्या आत दुमडून चिकटवा. आता वही दप्तरात उभी असली तरी वरून रंगाची बारीक रेघ दिसते, आडवी रचली तर कण्यावर दिसते आणि टेबलावर पडली तर कोपऱ्यात.

टेप वापरत असाल तर दोन तुकडे एकाखाली एक लावून रुंदी वाढवा. टेप ताणून लावू नका. ताणलेली टेप नंतर आखडते आणि टोकं उचलली जातात.

ब्राऊन पेपरवर नारिंगी रंग बुजतो. त्याच्याखाली थोडा मोठा पांढरा कागद लावा, म्हणजे चारी बाजूंनी बारीक पांढरी किनार राहील.

फेविकॉल किंवा खळ लावली असेल तर प्लास्टिक लगेच चढवू नका. वह्या रात्रभर पंख्याखाली उघड्या ठेवा. ओल आत कोंडली की पट्टीच्या कडेने काळे-हिरवट ठिपके उठतात, आणि बुरशी एका वहीवरून दुसरीवर जाते. ग्लू स्टिक किंवा दुहेरी चिकटणारी टेप वापरली तर ही भानगड कमी.

पाठ्यपुस्तकांना हीच पट्टी, त्याच जागी. शिकवणीच्या वहीलाही.

तपासा : सगळ्या वह्या दप्तरात भरा, दप्तर जमिनीवर ठेवा, उभे राहून वरून पाहा. एकही वही न हलवता सगळे रंग मोजता आले पाहिजेत.

नावाच्या चिठ्ठीवर विषयाचं नाव ठळक लिहाच. रंग आहे म्हणून नाव गाळणं ही घोडचूक आहे. तपासायला वह्यांचा गठ्ठा नेणाऱ्या शिक्षिकेला तुमच्या घरचे रंग कसे कळणार? आणि चिठ्ठीवरचं अक्षर काळ्या किंवा गडद निळ्या बॉलपेनने काढा. जेलपेनची शाई ओलाव्याने पसरते.

## ८. वेळापत्रकाला तेच रंग

रंग वहीवर आहेत आणि वेळापत्रक भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं आहे, तर काम अर्धंच झालं. वेळापत्रकाचा प्रत्येक चौकोन त्या विषयाच्या रंगाने हलका भरा, वर विषयाचं नाव लिहा. पांढऱ्या रंगाच्या विषयाचा चौकोन कोरा ठेवून जाड काळी चौकट द्या. काळ्याचा चौकोन भरू नका, नाव दिसणार नाही. एक कोपरा काळा केला की झालं.

हे वेळापत्रक दप्तर जिथे भरलं जातं तिथे लावा. फ्रिजवर नको, बैठकीत नको. मूल खोलीत जमिनीवर बसून दप्तर भरत असेल तर कपाटाच्या दारावर खाली, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला.

दप्तर भरायचा नेम असा लावा : उद्याच्या रांगेतले रंग मोजायचे, तेवढ्या रंगांच्या वह्या काढायच्या, मग पट्ट्यांवरून वर्गपाठ-गृहपाठ बघायचं. आधी रंग, नंतर पट्ट्या. पहिले काही दिवस शेजारी बसा, मग बाजूला व्हा.

## वहीच्या आत रंग नेऊ नका

विषयाचा रंग कव्हरपुरता. हिंदीचा रंग पिवळा म्हणून हिंदीच्या वहीतली शीर्षकं पिवळ्या पेनाने लिहिणारी मुलं असतात. पांढऱ्या पानावर ती कोणालाच वाचता येत नाहीत. गणिताला लाल दिला म्हणून आत लाल पेन वापरायचं नाही, तो शिक्षकांचा. तपासणीच्या खुणा आणि मुलाचं लिखाण एकमेकांत मिसळलं की चूक कुठली आणि उत्तर कुठलं हे मुलालाच कळत नाही.

आत अधोरेखित करण्यासाठी काही ठरवायचं असेल तर सगळ्या विषयांना मिळून एकच पद्धत ठेवा, उदाहरणार्थ व्याख्येखाली पेन्सिलीची रेघ. धड्याप्रमाणे छटा बदलणं, सोपं-अवघड यांना वेगळे रंग, हे सगळं मूल पहिल्या चाचणीपर्यंत सोडून देतं.

## मध्ये काय बिघडतं

वही संपते. नवी येते आणि तिला पट्टी लावायला कोणाला वेळ नसतो. मग ती तशीच बिनरंगी दप्तरात फिरते आणि तिथून सगळी शिस्त ढासळते. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक रंगाच्या चार-पाच जादा पट्ट्या कापून एका लिफाफ्यात, कंपासपेटीशेजारी ठेवा. टेप असेल तर रिळं एका डब्यात.

चतुर्थीच्या सुट्टीत, आरास आवरून झाली की, सगळ्या वह्या एकदा काढून पाहा. तोवर पावसाचा जोर बराच होऊन गेलेला असतो. उचकटलेली टोकं, फिकट झालेले रंग, प्लास्टिकच्या आत आलेली ओल, सगळं एका बसण्यात कळतं. रंग फिकटला असेल तर त्याच रंगाची नवी पट्टी जुनीवरच लावा. या वेळी रंग बदलण्याचा मोह होतो, विशेषतः मुलाला कंटाळा आला असेल तर. बदलू नका. चार महिने बसलेली सवय मोडायला एक दिवस पुरतो, आणि पुढे सहामाही परीक्षा असते.

नवा विषय मध्येच सुरू झाला तर त्याला उरलेला रंग द्या. जुन्या विषयाचा रंग काढून घेऊ नका.

## पुढच्या वर्षी

तेच रंग पुढे न्या. विशेषतः चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यम, अशी वाट असलेल्या मुलांसाठी. जून महिन्यात त्यांचं सगळंच एकदम बदलतं : गणिताचं मॅथ्स होतं, परिसर अभ्यासाच्या जागी सायन्स आणि सोशल सायन्स येतात, इमारत नवी, बाई नव्या. गणिताचा लाल मॅथ्सला द्या. परिसर अभ्यासाचा जो रंग होता तो सायन्सला द्या आणि सोशल सायन्सला नवा घ्या.

मात्र गल्लतीची यादी दर वर्षी नव्याने करा. पाचवीत भाषांची गल्लत असते, नववी-दहावीत ती सरून सामाजिक शास्त्राच्या दोन पुस्तकांची सुरू होते, आणि विज्ञानाच्या वह्या भौतिक, रसायन, जीव अशा फुटतात. या तिघांना तीन नवे रंग देऊ नका. विज्ञानाचा रंग तोच ठेवून एक, दोन, तीन पट्ट्या लावा, आणि गृहपाठाच्या वहीची पट्टी तिरकी करा. अकरावीला शाखा ठरली की विषय कमी होतात. तेव्हा बरीच मुलं हे सगळं सोडून साध्या फाइली वापरतात. त्यांना सोडू द्या.